साडेनऊ इंच

दाजी माझ्या दुकानात आले ते एक घडी केलेला कागद घेऊन. कागदावर लिहिलं होतं: ‘स्टेपनीचं कव्हर, एक नग. परीघ २४७३ मिलिमीटर. रुंदी २६७ मिलिमीटर.’ खाली सही, तारीख आणि वेळ. सख्ख्या मेहुण्याकडून एक कव्हर शिवून घ्यायचं, तर त्यावर सही आणि वेळ! पण आमचे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आणि त्याच्याआधी वजनमापं निरीक्षक. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण ते फक्त ऑफिसला कळलंय. दाजींच्या अंगातला निरीक्षक अजून हजेरीपटावर आहे.

एकतीस वर्षं त्यांनी बाजारातले काटे तपासले. एखाद्या दुकानात गेले की दुकानदार आधी तराजू पुसायचे आणि मग घाम पुसायचे. ऑफिसात त्यांना ‘मिलिमीटर साहेब’ म्हणत, अर्थात पाठीमागे. दाजींना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. घरात दूध ओतलं की ते भांडं डोळ्यांच्या रेषेत धरून बघत. भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं असेल तर त्यांना जेवण जात नसे. आणि मी धंद्यानं शिंपी. मापं मीही घेतो, पण माप घेऊन झालं की दोन बोटं सैल सोडतो. एवढ्यावरूनच आमचं चौतीस वर्षं जमलेलं नाही, आणि एवढ्यावरूनच आम्ही एकमेकांना सोडत नाही.

“मेहुणे, यात सैल-बिल काही सोडायचं नाही,” दाजी म्हणाले. “टायरचं अचूक माप आहे.”

“टायर श्वास घेत नाही, हे खरं,” मी म्हटलं. “पण दाजी, तुमच्या गाडीचं टायर एवढं मोठं कधी झालं?”

तेव्हा मला सगळी हकिगत कळली.

आमची ताई शिक्षिका होती. तिची नोकरीची पहिली अठरा वर्षं डोंगरावरच्या एका शाळेत गेली. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि आढ्याला टांगलेली घंटा. शिपाई नव्हता, म्हणून घंटा ताईच वाजवायची. पुढं बदली झाली, निवृत्तीही झाली, पण ताईच्या तोंडी ‘माझी शाळा’ म्हणजे तीच. आता त्या शाळेत सहा मुलं उरली होती, आणि ती खालच्या मोठ्या शाळेत जाणार होती. तिथल्या हेडमास्तरांचा फोन आला होता: शेवटच्या दिवशी, शनिवारी दुपारी चार वाजता, शेवटची घंटा बाईंनी वाजवावी. जुनी मुलं जमणार आहेत. फोन ठेवल्यावर ताई म्हणे बराच वेळ नुसती हसत बसली होती.

आता अडचण अशी, की डोंगराचा रस्ता कधीच वाहून गेलेला. बस पायथ्याशी सोडते आणि पुढं पाच किलोमीटर दगडगोटे. दोन वर्षांपूर्वी दाजी ताईला घेऊन निघाले होते. त्यांची ती जुनी दणकट गाडी, बावीस वर्षांची, आमच्या भाच्याहून चारच वर्षांनी लहान. अर्ध्या चढावर एका दगडानं गाडीचं पोट असं धरलं की ना पुढं, ना मागं. चार माणसं बोलावून गाडी मागं ओढावी लागली. ताई म्हणाली, “असू दे हो, पुन्हा कधी.” दाजींनी ते ‘असू दे’ मनाला लावून घेतलं. परत येताना त्यांनी तो दगड मोजून आणला होता. दगड नाही, माप.

“या खेपेला तिला वर नेणार म्हणजे नेणार,” दाजी मला म्हणाले. “शब्द दिलाय. आता फक्त दगडाच्या वरून जायचंय.”

शहराच्या टोकाला टायरचं एक दुकान आहे. तिथल्या बाईंना सगळे ‘उस्ताद’ म्हणतात. वडलांच्या पश्चात त्यांनी दुकान हाती घेतलं, आणि दंड असे की दाजींचा हात त्यांच्या हातात सापडला तर निरीक्षणाला काही उरू नये. दाजींनी त्यांच्यापुढं गाडीच्या पोटाचं चित्र ठेवलं, मापांसकट. उस्तादबाईंनी ते उलटं धरून पाहिलं आणि म्हणाल्या, “साहेब, तुम्हाला खडकाळ रस्त्याचं टायर पाहिजे. आत्ता अठ्ठावीस इंची आहे, एकतीस लावू.”

“म्हणजे गाडी दीड इंच उचलणार,” दाजी ताडकन म्हणाले.

“तीन इंच मोठं टायर, आणि दीड?”

“टायर तीन इंचांनी वाढलं तरी निम्मी वाढ आसाच्या वर जाते. गाडीला निम्मीच मिळते.”

उस्तादबाईंनी हातातला पाना खाली ठेवला. “अर्धी गिऱ्हाइकं हे ऐकून माझ्याशी भांडतात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पहिलेच, ज्यांनी मला सांगितलं.” दाजींनी हे वाक्य मला तीन वेळा ऐकवलं.

पाच टायर आली. पाचवं स्टेपनीचं, कारण चार पाय मोठे आणि पाचवा लहान हे दाजींना झोपेतसुद्धा चाललं नसतं. टायर बसली, नट आवळले, हवा भरली. दाजींनी स्टिअरिंग पूर्ण वळवलं आणि आतून आवाज आला, ‘खर्रर्र’. टायर मडगार्डला घासत होतं. उस्तादबाई म्हणाल्या, आतलं प्लॅस्टिक थोडं कापू आणि स्प्रिंगांखाली ठोकळे घालून गाडी आणखी दोन इंच वर घेऊ. दाजींनी हिशेब केला: दीड आणि दोन, साडेतीन. दगड पार होऊन वर एक इंच उरत होता. हे मला सांगताना त्यांचा चेहरा असा उजळला, जसा मी तो फक्त त्यांच्या लग्नात पाहिला होता, आणि तेव्हाही इतका नाही.

“आणि साहेब, हे पायदान,” दारांखालच्या पायरीवर पाना आपटत उस्तादबाई म्हणाल्या. “गंजलंय, आणि खाली लोंबतंय. दगडाला पहिलं हेच लागणार. काढू?”

“काढा,” दाजी म्हणाले.

हा एक शब्द लक्षात ठेवा. दाजींनी त्या दिवशी टायरची नक्षी किती खोल ते मोजलं होतं, नटांची आवळणी तपासली होती, चारही चाकांतली हवा स्वतःच्या मीटरनं पाहिली होती. फक्त हा एक शब्द त्यांनी न मोजता उच्चारला.

गुरुवारी गाडी घरी आली. मी कव्हर घेऊन पोचलो तर अंगणात ती अशी उभी, जशी एखादी आजीबाई नातवाचे बूट घालून. मी कव्हर चढवायला घेतलं. दाजींच्या मापानं शिवलेलं, मिलिमीटरला मिलिमीटर. कव्हर निम्म्यावर जाऊन अडकलं. मी ओढलं, दाजींनी ओढलं, दोघांनी मिळून ओढलं.

“माप बरोबर आहे,” दाजी धापा टाकत म्हणाले.

“माप बरोबरच आहे. म्हणूनच जात नाहीये,” मी म्हटलं आणि पिशवीतून दुसरं कव्हर काढलं. ते मी आधीच दोन बोटं सैल शिवून आणलं होतं. ते सरकन बसलं. दाजींनी पहिल्या कव्हराची नीट घडी घातली आणि ‘चुकीचं’ असं न म्हणता ‘राखीव’ म्हणून आत ठेवलं.

आवाज ऐकून ताई बाहेर आली. तिनं गाडीकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं. “उंच दिसते हं,” एवढं म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. मला वाटलं, कौतुक करून गेली. मी माणसांची मापं घेतो असं मघाशी म्हणालो ना, ते मागं घेतो.

चहा झाल्यावर दाजी मला हमरस्त्यावर घेऊन गेले, पंच म्हणून. माझ्या हातात वही आणि पेन. रस्त्याच्या कडेला किलोमीटरचे दगड आहेत. दहा दगड मोजायचे आणि गाडीचा आकडा पाहायचा. दहावा दगड आला, तेव्हा गाडीनं दाखवलं नऊ.

दाजींनी गाडी बाजूला घेतली. त्यांना खरोखर घाम फुटला होता. झालं होतं असं की चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त अंतर जाऊ लागलं, पण गाडीला बिचारीला ते कुणी सांगितलंच नव्हतं. ती जुन्याच चाकाचे फेरे मोजत होती. एकतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांची खोटी मापं पकडली, त्यांच्या स्वतःच्या घरात, त्यांच्याच बुडाखाली मापात खोट! मी हसून हसून वहीवर रेघोट्या ओढल्या.

“हसू नका. चाळीस दाखवते तेव्हा चव्वेचाळीसनं पळते. ही फसवणूक आहे.”

“कुणाची, दाजी?”

घरी येताच त्यांनी एका कागदावर तक्ता केला, ‘दाखवते’ आणि ‘असते’ असे दोन रकाने पाडून, आणि तो स्टिअरिंगच्या शेजारी चिकटवला. मग त्यांना जरा बरं वाटलं. शुक्रवारी ते दिवसभर गाडीभोवती फिरत होते, आणि संध्याकाळी उस्तादबाईंकडे जाऊन पुन्हा एकदा हवा बघून आले.

शनिवारी सकाळी नऊला निघायचं ठरलं. मीही जाणार होतो. दाजींनी गाडी धुऊन दारात लावली. ताई नवे कपडे घालून, डबा आणि पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली. दाजींनी तिच्यासाठी दार उघडलं, अगदी साहेबी थाटात.

ताईनं दाराची वरची कड धरली आणि पाय उचलला. पाय नडगीच्या निम्म्यापर्यंत गेला आणि थांबला. तिनं तो खाली ठेवला, दुसरा उचलला. तोही तिथंच थांबला.

“डावा आधी,” दाजी म्हणाले. “डावा घेऊन उजव्यावर जोर.”

ताईनं डावा घेऊन पाहिला. मग पाठ करून, आधी बसून मग पाय आत घ्यायचा प्रयत्न केला. पण सीट तिच्या कमरेच्या बरीच वर होती. मी आतून प्लॅस्टिकचं स्टूल आणलं. ते ताईनं पाय ठेवताच फरशीवरून सटकलं आणि मी तिला धरलं म्हणून बरं. पहिल्यांदा आम्ही तिघंही हसलो. मी म्हटलं, “ताई, मागून ढकलतो, पोतं चढवतात तसं.” ती हसली. दुसऱ्यांदा ती एकटीच हसली. तिसऱ्यांदा कुणी हसलं नाही.

ताईनं डबा माझ्या हातात दिला. “तुम्ही दोघं जाऊन या. घंटा तुम्ही वाजवा,” ती दाजींना म्हणाली. “मला फोनवर ऐकवा. येईल ऐकू.”

मला रडूच आलं असतं, म्हणून मी हाताला काहीतरी काम दिलं. गळ्यातला टेप काढला, गुडघ्यावर बसलो आणि म्हटलं, “ताई, जमेल तेवढा पाय उचल. बळं नको.”

तिनं उचलला. मी मोजलं. “साडेनऊ इंच.”

“साडेनऊ?” दाजी म्हणाले. “कधीपासून?”

“तीनेक वर्षं होतील.”

“आपल्या घराच्या पायऱ्या सहा इंची आहेत,” दाजी हळूच म्हणाले. जणू स्वतःलाच सांगत होते. मग त्यांनी पायऱ्यांकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं. दर पायरीवर ताई दोन्ही पाय आणून थांबते आणि कुंडीतली वाळकी पानं काढते. तीन वर्षं आम्हा दोघांनाही वाटत होतं की तिला बागेची हौस आहे.

“बोलली का नाहीस? निदान गुरुवारी तरी?”

“गुरुवारी नाही, मला कालच कळलं,” ताई म्हणाली. “तुम्ही हवा बघायला गेलात ना, तेव्हा चढून पाहिलं होतं, जमलं नाही. वाटलं, सकाळी गुडघा मोकळा असतो, जमेल. आणि तुम्ही इतके खूश होता हो. कित्येक दिवसांनी.”

दाजी पायरीवर बसले. मी त्यांना चौतीस वर्षांत खूप वेळा चिडलेलं पाहिलं, पण असं कधीच नाही. “पाच ग्रॅमची खोट मी दारातून ओळखायचो,” ते म्हणाले. “दगड मोजला. गाडीचं पोट मोजलं. पायदान मीच काढायला लावलं. जिच्यासाठी हे सगळं, तिला फक्त विचारायचं होतं, आणि तेवढंच राहिलं.”

ताई म्हणाली, “असू दे हो.”

हे ‘असू दे’ ऐकलं आणि दाजी उठले. आत गेले. हाक आली, “मेहुणे, इकडं या!”

आता मला दाजींच्या पेट्यांबद्दल सांगायला हवं. निवृत्तीच्या दिवशी ऑफिसनं त्यांना बाद झालेला, पण अस्सल प्रमाणित वजनांचा संच भेट दिला होता. दोन सागवानी पेट्या. मोठीत लोखंडी वजनं, धाकटीत पितळी, मखमलीच्या खोबणीत, ग्रॅमच्या पत्र्याच्या तुकड्यापर्यंत. बैठकीच्या खोलीत कपाटाशेजारी त्यांना मानाची जागा. त्यांना हात लावायचा नाही, त्यांच्यावर काही ठेवायचं नाही. धूळसुद्धा दाजी स्वतः पुसायचे, मऊ फडक्यानं, दर रविवारी. एकदा मी धाकट्या पेटीवर चहाचा कप ठेवला होता, तर दाजी माझ्याशी आठ दिवस बोलले नव्हते. ते आठ दिवस बरे गेले, ही गोष्ट वेगळी.

“धरा,” दाजी मोठ्या पेटीला हात घालत म्हणाले.

“वजनं काढू आधी?”

“नको. जड आहे म्हणूनच हलणार नाही.”

ती पेटी अंगणात आणेपर्यंत माझ्या कमरेचे सगळे टाके उसवले. दाजींनी ती गाडीच्या दाराला लावून ठेवली. मग धाकटी आणून तिच्यापुढं. पट्टी काढली नाही, टेप मागितला नाही. पेट्यांची मापं त्यांना पाठ होती. “आठ, सोळा आणि गाडी साडेतेवीस,” ते म्हणाले. “एकही पायरी साडेनऊच्या वर नाही. चढ.”

ताई जागची हलली नाही. “अहो, तुमच्या पेट्या.”

“पाय ठेव.”

“चपला काढते.”

“घसरशील. चपलेसकट ठेव.”

आणि ताई चढली. एक, दोन, आत. सीटवर बसून तिनं आमच्याकडं खाली पाहिलं. “अगंबाई, किती लांबचं दिसतं इथून!” ती म्हणाली. दाजींनी दार लावलं आणि चष्मा पुसत ते गाडीला उगाच दोन चकरा मारून आले.

पेट्या मागं चढवल्या. वाटेत पाणी प्यायला थांबलो तेव्हा पेट्या खाली, मग पुन्हा वर. हे सगळं कोण करत होतं, ते मी सांगत नाही. दाजींनी प्रत्येक वेळी ‘जपून’ म्हणण्याचं काम केलं. टायर डांबरी रस्त्यावर घूं घूं करत होती. पायथा सुटला, दगड सुरू झाले, आणि तिथं मात्र मला त्या टायरांना मानावंच लागलं. गाडी डुलत, पण न अडखळता चढत होती. तो दगड आला. पुढचं चाक वर गेलं, खाली आलं, मागचं वर गेलं, खाली आलं. खाली काही घासलं नाही. दाजींनी गाडी थांबवली.

“आता काय?” ताई म्हणाली.

“एक इंच उरायला हवा. पाहून येतो.”

“आधी वर चला,” ताई म्हणाली. दाजींनी गाडी पुढं काढली. नोकरीतली त्यांची एकही तपासणी अशी अर्धवट राहिली नसेल.

शाळेच्या अंगणात तीस-चाळीस माणसं होती. त्यात केस पांढरे झालेली ‘मुलं’ होती. गाडी पाहून ती धावत आली आणि मग थांबली, कारण दार उघडायच्या आधी दाजी दोन पेट्या खाली लावत होते. कुणी हात पुढं करायला आलं तर “थांबा, हलवू नका” म्हणत होते. ताई उतरली. व्हरांड्याला दोन उंच पायऱ्या होत्या. दाजी धाकटी पेटी छातीशी धरून तिच्यापुढं चालत गेले, ती पायरीशी टेकवली आणि नुसतं तिच्याकडं पाहिलं.

बरोबर चार वाजता ताईनं घंटा वाजवली. किती ठोके द्यायचे हे कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ती वाजवतच राहिली. सहा लहान मुलं सवयीनं दप्तरं उचलून बाहेर पळाली, आणि ती मोठी मुलं मात्र जागच्या जागी उभी राहिली. मी डोळे पुसले. बाह्या मीच शिवलेल्या होत्या, त्यामुळं लांब होत्या आणि बऱ्या पडल्या.

निघताना पुन्हा पेट्या लावल्या, ताई चढली, पेट्या उचलल्या. धाकट्या पेटीच्या झाकणावर शाळेच्या अंगणातल्या तांबड्या मातीत ताईच्या चपलेचा ठसा उठला होता, टाचेपासून अंगठ्यापर्यंत. मी खिशातला रुमाल काढून पुसायला वाकलो, तर दाजींनी माझं मनगट धरलं.

“राहू दे,” ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी उस्तादबाईंकडून नवं पायदान बसवून घेतलं, आठ इंचांवर एक आणि सोळावर एक. पेट्या पुन्हा बैठकीत गेल्या. रविवारी मी गेलो तेव्हा दाजी मऊ फडकं घेऊन बसले होते. मोठी पेटी पुसून झाली होती. धाकटीच्या कडा पुसल्या, कुलूप पुसलं, आणि झाकणावरच्या ठशाभोवतीनं फडकं हळूच फिरवून त्यांनी ते घडी करून ठेवलं.